दोनशे बावन्न नळ्या

“चोवीस का पंचवीस?” चायोनं दारातूनच विचारलं.

“पंचवीस.”

“मघाशी चोवीस म्हणालास.”

“मघाशी चोवीसच होते. हा तुझ्या बटणांचा. बटणं मेजावर ओतलीत.”

“मेल्या, माझी बटणं!” चायो आत पळाली, आणि आन्सेल्मोनं हसत हसत शेवटचा डबा पिकअपच्या हौद्यात टाकून गाडी सुरू केली. सदुसष्टाव्या वर्षीही बायकोला पळवता येतं याचा त्याला मनापासून आनंद व्हायचा.

डबे कॉफीचे होते, रिकामे, न्यू फुल्डाच्या चर्चच्या तळघरातून आणलेले. गावात कुणी गेलं की दफनानंतर तळघरात सगळ्यांना जेवण आणि कॉफी असते आणि दर वेळी दोनेक डबे रिकामे होतात. गावातली माणसं कमी होत चालली होती आणि डब्यांची चळत वाढत चालली होती. आपल्या वेळी निदान तीन डबे रिकामे व्हायला हवेत, असं आन्सेल्मोनं चायोला बजावून ठेवलं होतं.

वारा अजून उठला नव्हता. टेक्सासच्या या उत्तरेकडच्या पठारावर वाऱ्याला अडवायला ना डोंगर ना झाड, त्यामुळे तो दिवसभर हुंदडतो आणि पहाटे काय तो घटकाभर निजतो. त्या घटकेत सगळं जरा अधांतरी वाटतं. दूरची धान्याची कोठारं जमिनीपासून सुटून हवेत तरंगल्यासारखी दिसतात, कुठल्या तरी गोठ्यातलं बोलणं मैलभरावरून कानाशी येतं. आन्सेल्मोचा हा आवडता वेळ. गेलं वर्षभर तर त्याला वाटायचं, दिवसातला एवढा एकच तास आपल्या ओळखीचा राहिलाय.

चक्राच्या कडेला त्यानं पिकअप उभी केली. इकडे शेताला शेत कुणी म्हणत नाही, चक्रच म्हणतात, कारण शेत गोल असतं. मधोमध एक खांब, त्याला जोडलेला पाव मैल लांबीचा लोखंडी नळ. नळाच्या सात कमानी, आणि प्रत्येक कमानीच्या टोकाला दोन चाकांवर उभा असलेला मनोरा. खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरावेत तसा हा नळ खांबाभोवती फिरतो, फक्त एका फेऱ्याला त्याला तीन दिवस लागतात. नळावरून दोनशे बावन्न नळ्या खाली लोंबतात आणि प्रत्येकीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं नोझल असतं. फेर धरून नाचताना मधल्या माणसाचं जागच्या जागी गिरकी घेऊन भागतं, कडेच्याला मात्र पळावं लागतं. तसंच कडेच्या नळीला जास्त जमीन भिजवायची असते, म्हणून तिच्या नोझलचं भोक मोठं आणि खांबाजवळचं अगदी बारीक. खांबापासून कडेकडे जावं तसे नोझलांवरचे आकडे चढत जातात. चक्रावरच्या माणसाला एवढं कळलं की बाकीचं हळूहळू कळतं.

आन्सेल्मोच्या मालकांची, हागेमायरांची, अशी सहा चक्रं होती. जमिनीखालचं पाणी उतरत गेलं तशी पाच एकेक करून बंद पडली आणि तिथं गवत आलं. हे शेवटचं. याच्याही विहिरीला पूर्वी मिनिटाला आठशे गॅलन पाणी होतं, आता जेमतेम अडीचशे. पूर्वी नळाच्या माथ्यावर फवारे होते. पाणी वर उडायचं, चारचार इंद्रधनुष्यं दिसायची, आणि निम्मं पाणी वारा शेजारच्या जिल्ह्याला वाटून टाकायचा. आता नळ्या गुडघ्याएवढ्या खाली आणल्या होत्या. पाणी ज्वारीच्या आत, बुडाशी पडायचं. वरून काही दिसायचंच नाही, नुसती कुजबुज ऐकू यायची. आणि या जूनमध्ये अडीचशे गॅलनांना पुरेल अशी नवी, बारीक नोझलं बसवली होती. ती आन्सेल्मोनंच बसवली होती.

मालकीण लिओना हागेमायर अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचा मुलगा रोलिन अमारिलोला असतो आणि त्याच्या मते हे चक्रही बंद करून टाकावं. “एवढ्याशा पाण्यात पीक येत नाही, आई,” असं तो दर फोनवर सांगायचा. शेवटी लिओना म्हणाली होती, “आन्सेल्मो नळ्या मोजेल. कडेपर्यंत पाणी नीट पोचत असेल तर चक्र चालू राहील, नसेल तर बंद करू. रविवारी ये आणि आकडे बघ.” आज गुरुवार होता.

आन्सेल्मोला चक्र चालू राहायला हवं होतं. घरादाराची काळजी नव्हती, घर लिओनानं कधीच त्याच्या नावावर करून दिलं होतं. कारण वेगळं होतं आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये पोस्टातून बाहेर पडल्यावर आपली पिकअप कुठल्या बाजूला हे त्याला आठवेना. तीन रस्त्यांचं गाव, पण तो अर्धा तास फिरत राहिला. त्यानंतर चर्चमध्ये एकदा असंच झालं, आणि एकदा स्वतःच्या स्वयंपाकघरातही. चक्रात मात्र तसं व्हायचं नाही. नळाला धरून एका बाजूला गेलं की खांब येतो, दुसऱ्या बाजूला गेलं की रस्ता. तिथं माणूस चुकूच शकत नाही. चाळीस वर्षं त्याचे पाय तिथं चालले होते आणि डोकं थांबलं तरी पाय थांबत नव्हते.

त्यानं यंत्राची चाल बंद केली, पाणी चालू ठेवलं आणि डबे खांद्यावरच्या पोत्यात घेऊन खांबापाशी गेला. पद्धत साधी होती. दर दहाव्या नळीखाली डबा धरायचा, दहापर्यंत मोजायचं, डबा तिथंच खाली ठेवायचा आणि पुढं जायचं. खांबाजवळच्या डब्यात बोटभर पाणी हवं, आणि वाढत वाढत कडेचा डबा निम्म्यापर्यंत भरायला हवा.

ज्वारी कमरेएवढी होती. त्यानं दहावी नळी वर उचलली, तोंडाशी डबा धरला आणि मोजायला लागला. दहा म्हणेपर्यंत पाणी डब्याच्या निम्म्यावर गेलं.

मोजायला चुकलो, त्याला वाटलं. त्यानं डबा ओतला आणि पुन्हा धरला. या वेळी मोठ्यानं मोजलं. पुन्हा तेच. पायाखाली बघितलं तर चिखल होता, बूट घोट्यापर्यंत रुतले होते. त्यानं डबा खाली ठेवला आणि विसाव्या नळीकडे गेला. तिथंही तेच. तिसाव्या नळीपाशीही तेच.

चौथ्या कमानीत मात्र पाणी बरोबर निघालं. पाव डबा, जितकं हवं तितकंच. आन्सेल्मोला इतकं हायसं वाटलं की तो ज्वारीच्या पानांना हात लावून उगाच हसला. सुरुवातीच्या दोनचार नळ्यांत काही बिघाड असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पुढचे दोन डबे भरताना त्यानं शीळसुद्धा घातली.

पाचव्या कमानीत पाणी कमी झालं, सहाव्यात आणखी कमी. शेवटच्या नळीतून सुतासारखी धार येत होती आणि दहा म्हणेपर्यंत डब्याचा तळ नुसता ओला झाला. तिथली ज्वारी गुडघ्याच्या वर गेलीच नव्हती. पानं सकाळच्या गारव्यातही गुंडाळलेली होती. ती त्यानं रोज रस्त्यावरून पाहिली होती आणि लिओनाला सांगितलं होतं, “ऊन फार आहे, बाई.”

त्यानं नळी उलटी केली आणि नोझलवरचा आकडा वाचला. खांबाजवळचा आकडा होता.

बिघाड कसला, नोझलं उलटी बसवली होती. खांबाची कडेला आणि कडेची खांबाला. पाणी तेवढंच जात होतं, म्हणून पंपावरचा मीटर इतके दिवस मुकाट्यानं बरोबर आकडा दाखवत होता. चक्रावर पहिल्याच वर्षी आलेला माणूस ही चूक करतो, आणि मग जन्मभर गावातल्या कॉफीच्या टेबलावर त्याची थट्टा होते. अशा तीन जणांची थट्टा आन्सेल्मोनं स्वतः केली होती.

त्यानं घड्याळात पाहिलं. साडेसात झाले होते. लिओना दहाला येणार होती.

सुचलं ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. डबे बदलायचे. खांबाजवळचे कडेला न्यायचे, कडेचे खांबाजवळ. लिओना डबे बघेल, मान हलवेल, आकडे लिहून घेईल. मग उद्या-परवा गुपचूप नोझलं काढून नीट लावायची. चक्र राहील, आपणही चक्रात राहू. पाणी खोटं नाहीच, जागा तेवढी इकडची तिकडे. तो खांबाकडे परत गेला, पहिला भरलेला डबा दोन्ही हातांत धरला आणि सांडू न देता कडेकडे चालू लागला.

चौथ्या मनोऱ्यापाशी त्याची पावलं मंदावली. डबा जड नव्हता, पण धाप लागली होती. चाकाच्या सावलीत तो टेकला आणि डबा मांडीवर घेऊन डोळे मिटले.

नोझलं कधी बसवली ते आठवायचं असं त्यानं ठरवलं. आठवलं ते भलतंच. यंत्र पहिल्यांदा आलं तो उन्हाळा आठवला. तेव्हाचा मालक, लिओनाचा नवरा आल्विन, मनोऱ्यावर चढून ओरडत होता, “आन्सेल्मो, बारीक आत, मोठं बाहेर, आणि देव सगळीकडे!” लिओना पोट सावरत डोक्यावर टॉवेल टाकून जेवण घेऊन आली होती. कसलं जेवण, तर सॉसेज आणि मोहरीची चटणी. वास सुद्धा आला. नव्या रंगाचा वास आला. त्या दिवशीचा एक ढग आठवला. पण हा जून मात्र कुठंच नव्हता. तो पुन्हा पुन्हा त्या जागी जायचा आणि तिथं भिंतही नसायची, दारही नसायचं, नुसतं पठार.

मग कुजबुजणारं पाणी हळूहळू दुसरंच काही झालं. मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीचं, लहानपणचं अंगण झालं. आई संध्याकाळी वाडग्यात पाणी घेऊन धूळ बसवायला बोटांनी सडा टाकत होती. ती मधोमध उभी राहून गोल फिरायची आणि थेंब तिच्या बोटांतून सुटायचे. “आई, कडेला पोचत नाहीये,” तो उंबऱ्यावरून म्हणाला. आई वळली नाही. “मग तिथं बसून काय ओरडतोस? ऊठ, कडेला जा,” ती म्हणाली, आणि शिंपत राहिली.

हॉर्न वाजला तेव्हा ऊन त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं.

लिओना काठी टेकत चाकांच्या वाटेनं आत आली. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर नवऱ्याचीच हॅट. “दहा वाजून वीस मिनिटं झाली,” ती लांबूनच म्हणाली. “मी कडेला उभी राहून घसा फोडतेय आणि तू इथं झोपा काढतोयस. घड्याळ बंद पडलंय का डोकं?”

आन्सेल्मो उठला. डबा अजून त्याच्या हातात होता.

“बाई, मी उलटी लावलीत.”

“काय उलटी लावलीत?”

“नोझलं. सगळी. पहिली कमान सातवीला आणि सातवी पहिलीला.”

लिओनानं एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा कडेकडे. “मीटर तर बरोबर दाखवत होता.”

“मीटरला काय कळतंय? पाणी तेवढंच जातंय. जिथं जायला पाहिजे तिथं जात नाहीये.”

“किती दिवस?”

“वहीत पंचवीस जून लिहिलंय. आज तेरा जुलै, म्हणजे अठरा दिवस.”

“अठरा दिवस!” तिनं काठी चिखलात आपटली. “ज्वारी पोटऱ्यात आलीय, आन्सेल्मो! आत्ता पाणी नाही मिळालं तर कणसं काय आकाशातून पडणार आहेत? रोलिनला मी काय दाखवू, वाळलेली कड? आणि तू? तू! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजले असते. असं झालंच कसं?”

“पिकअप रस्त्याकडे लावली असणार. तिकडूनच सुरुवात केली असणार.”

“असणार? असणार म्हणजे काय?”

“मला आठवत नाही, बाई.”

“कुठून सुरुवात केली ते आठवत नाही?”

“ते दिवसच आठवत नाहीत. लावायला लागले ते दोन्ही.”

लिओनाची काठी थांबली. वारा उठला होता. ज्वारीवरून एक लाट गेली आणि कडेला जाऊन विरली. लिओना त्याच्याकडे बघत राहिली, आणि आन्सेल्मोला वाटलं, आपल्याला एवढा वेळ कुणी असं कधी पाहिलंच नव्हतं.

“चायोला माहीत आहे?”

“मी तिला काही बोललो नाही.”

“ते नाही विचारलं मी.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “ती माझ्यामागं सगळं मोजत असते.” मग एकदा बोलायला लागलोच आहोत तर सगळंच सांगून मोकळं व्हावं असं वाटून तो म्हणाला, “मी डबे बदलणार होतो. हा पहिला. खांबाजवळचा, कडेला नेत होतो.”

“मग का नाही नेलास?”

“तुम्ही खरं मानलं असतं.”

लिओना चाकावर बसली. हॅट काढून तिनं गुडघ्यावर ठेवली. तिचे पांढरे केस घामानं कपाळाला चिकटले होते. “आल्विन शेवटी शेवटी मला आपली बहीण समजायचा,” ती म्हणाली. “दोन वर्षं मी त्याची बहीण होते. बायकोपेक्षा बहीण बरी, आन्सेल्मो. एकदासुद्धा भांडला नाही माझ्याशी.” ती हसली आणि मग नाक ओढून हॅट पुन्हा डोक्यावर घातली. “नोझलांचा कागद आहे तुझ्याकडे?”

“आहे. पण अक्षरं बारीक आहेत.”

“मी वाचते, तू लाव. खांबापासून बाहेर. रडायचं असेल तर रविवारनंतर रड, तोवर मला वेळ नाही.”

पाणी बंद करून त्यांनी आधी सगळी नोझलं काढून घेतली. ती क्रमानं ठेवायची कशात हा प्रश्न चायोनं सोडवला. जेवण घेऊन आली ती अंड्यांच्या पुठ्ठ्यांचा भाराच घेऊन आली. तिच्या कोंबड्या आणि तिचा काहीही न टाकण्याचा स्वभाव, त्यामुळे घरात पुठ्ठ्यांना तोटा नव्हता. दोनशे बावन्न म्हणजे बरोबर एकवीस डझन, हा हिशेब तिनं वाटेतच करून टाकला होता. लिओनानं तिला फोनवर काय सांगितलं कोण जाणे, पण तिचे डोळे लाल होते आणि जीभ नेहमीसारखी.

“उलटा माणूस, उलटी नोझलं,” ती तोर्तियाच्या पोळीत बीन्स गुंडाळत म्हणाली. “लग्नात अंगठी पण माझ्या उजव्या हातात घातली होतीस.”

“तू उजवा हात पुढं केलास!”

“आणि तू घातलीस. पाद्री पण हसला होता, लिओनाबाई, विचारा याला. हे बरं आठवतं तुला?”

“ते आठवतं,” आन्सेल्मो म्हणाला. “पाद्रीचे दात पण आठवतात.”

दुपारनंतर काम सुरू झालं. लिओना उलट्या बादलीवर बसायची, डोळ्यांशी भिंग धरून कागद वाचायची. आन्सेल्मो गुडघ्यांवर, नळी मांडीवर घेऊन. चायो मधे, पुठ्ठा पुढं करून.

“चार,” लिओना म्हणायची.

“चार,” म्हणून चायो द्यायची.

“चार,” म्हणून तो पिळून बसवायचा आणि अंगठ्यानं आकड्यावरून एकदा हात फिरवायचा.

जपमाळेवर एकानं अर्धी प्रार्थना म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली, तसं ते चालायचं. पहिल्या कमानीनंतर कुणालाच वेगळं बोलावंसं वाटेना. पाच, पाच, पाच. पाच, पाच, सहा. ऊन उतरू लागलं, पठार तांबूस झालं, दूरची कोठारं पुन्हा जमीन सोडून वर आली. आन्सेल्मोला वाटलं, हे असंच चालू राहावं. कुणीतरी आकडा सांगावा, कुणीतरी हातात द्यावा, आपण बसवावा. आयुष्यात इतकं सोपं आपल्याला कुणी काही करून दिलं नव्हतं. भीती गेली नव्हती, पण ती आता एकट्याची नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी दोनशे बावन्नावं नोझल बसलं. लिओनाचा आवाज बसला होता, शेवटचे आकडे ती नुसती बोटांनी दाखवत होती. पाणी सोडलं तेव्हा तिघं कडेला उभी होती. आधी हवा आली, मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मग कडेच्या गुंडाळलेल्या ज्वारीच्या बुडाशी पाणी बोलायला लागलं. शनिवारी त्यांनी पुन्हा डबे धरले. खांबाजवळ बोटभर, कडेला निम्मा.

रविवारी चर्च सुटल्यावर रोलिन आला. चकचकीत बूट घालून तो चिखलात उतरला, डबे बघितले, कड बघितली. लहानपणी याच चक्रात तो आन्सेल्मोच्या खांद्यावर बसून मनोरे मोजायचा.

“पाणी पुरतंय, हे खरं,” तो आईला बाजूला घेऊन म्हणाला. पण पठारावर बाजूला घेऊन बोललेलंही ऐकू येतं. “पण कड बघ ना, आई. इतके दिवस कोरडी राहिली. आणि तू त्याच माणसाच्या हाती...”

“तू पाणी बघायला आलायस,” लिओना घोगऱ्या आवाजात म्हणाली. “पाणी बघितलंस. माणसाचं माझं मी बघेन.”

“रोलिन,” आन्सेल्मोनं हाक मारली. रोलिन ओशाळून वळला. आन्सेल्मोनं खिशातून पंपघराची किल्ली काढली. तिच्या छिद्रात त्यानं स्वतः ओवलेली निळी दोरी होती. “ही तोमासला दे. गोठ्यावर काम करतो तो. चांगला आहे, घाई करत नाही. मी त्याला सगळं सांगेन. जे आठवतं ते सगळं.”

“तुम्ही येत जा ना, आन्सेल्मो. यायला कुणी नको म्हटलंय?”

“येईन की. कुणी आणलं की येईन.” तो हसला. “आई तुझी खरं बोलतेय. पाण्यात काही कमी नाही. अडीचशेत भागतं. चक्र बंद करू नकोस, एवढंच.”

रोलिननं किल्ली घेतली आणि ती कुठं ठेवावी ते न कळून बराच वेळ हातातच धरून उभा राहिला. परत जाताना त्यानं आईला सांगितलं, चक्र राहू दे.

चक्र राहिलं. कडेची ज्वारी बुटकी राहिली, तीन आठवडे मागं पडली, पण पोटऱ्यातून बाहेर आली. सप्टेंबर लागला तेव्हा आतली कणसं तांबडी झाली होती आणि कडेची अजून हिरवट होती. तोमास रोज सकाळी एक फेरी मारायचा. लिओना आठवड्यातून दोनदा आन्सेल्मोला त्याच्या दारातून घेऊन जायची. चायो त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायची, आणि तो ती चिठ्ठी मुद्दाम काढून तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा. अजून कधी कधी तो तिला हसवायचा. कधी कधी मात्र तिच्याकडे फार सभ्यपणे बघायचा, आणि चायोला ते मुळीच आवडायचं नाही.

एके दिवशी हंगामातलं शेवटचं पाणी चालू होतं. लिओनानं गाडी कडेला लावली. आन्सेल्मो उतरला आणि न सांगता ज्वारीत शिरला. लिओना काठी टेकत मागून पोचेपर्यंत तो गुडघ्यांवर बसला होता. एक नळी त्यानं मांडीवर घेतली होती आणि नोझलवरून अंगठा फिरवत होता. मग त्यानं ती सोडली, पुढची घेतली. मग तिच्या पुढची.

“हे कुणी लावलंय?” त्यानं विचारलं.

“का? चुकलंय काही?”

“छे. उलट बघा ना.” त्यानं नळी तिला दिसावी म्हणून उंच धरली. पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत गेलं, त्याला ते कळलंही नाही. “एक ढिलं नाही, एक वाकडं नाही. आकडा सगळीकडे एकाच बाजूला केलाय, म्हणजे पुढच्याला वाचायला बरं. असं कोण करतंय हल्ली? हात चांगला आहे या माणसाचा, बाई. ठेवून घ्या त्याला.”

लिओनानं काठी डाव्या हातात घेतली.

“ठेवलाय,” ती म्हणाली, आणि त्याला उठायला तिनं हात दिला.